छत्तीस इंचांवरचे मांडे

भदाणे साहेबांनी बायकोला भिंतीला पाठ लावून उभं केलं, तिचा हात कोपरात वाकवला आणि मला म्हणाले, "उखर्डू, टेप धर. जमिनीपासून कोपरापर्यंत."

आता मी गवंडी माणूस. भिंत मोजलेली, हौद मोजलेला, एकदा गोठा बांधताना म्हैससुद्धा मोजलेली. पण कुणाची बायको मोजायची वेळ आली नव्हती. टेपचं एक टोक मी पायाखाली दाबलं, दुसरं साहेबांच्या हातात दिलं आणि तोंड लिंबाच्या झाडाकडं करून उभा राहिलो. काकू हसायला लागल्या, म्हणाल्या अरे आकडा तरी बघ. आकडा साहेबांनीच बघितला. एक्केचाळीस. त्यातून पाच वजा. ओटा छत्तीस इंच. वहीत लिहिलं, खाली तारीख टाकली, सही केली.

साहेब पाटबंधाऱ्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं कालवे काढले. मग धुळ्यात देवपूरच्या पुढं नवी कॉलनी पडली तिथं बंगला बांधला, मागं हे मोठं अंगण सोडलं, आणि त्या अंगणात त्यांना आता बाहेरचं स्वयंपाकघर पाहिजे होतं. कारण असं की त्यांची लेक पुण्यात दिलेली, नुकतीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणारच, पण या वेळी बरोबर सासू-सासरे, दीर-नणंदा धरून अकरा माणसं यायची होती. आणि येणार कशासाठी, तर मांडे खायला. लग्नात साहेबांनी व्याह्यांना छाती ठोकून सांगितलं होतं, आमच्या खानदेशातले मांडे एकदा खाऊन बघा, मग तुमच्या पुरणपोळीबद्दल बोलू.

ज्याला मांडे माहीत नाहीत त्याला सांगतो. पुरणाचीच पोळी, पण पोळपाटावर लाटून संपत नाही. थोडी लाटली की ती हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची, पार उपरण्याएवढी, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. मग ती टाकायची खापरावर. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. ते काही घरातल्या गॅसवर बसत नाही. म्हणून बाहेर चूल, आणि चूलच करायची तर कायमची करू, असं करत करत साहेबांनी सात कागद काढले. नऊ फुटी कडप्प्याचा ओटा, त्याच्या उजव्या अंगाला ओट्यातच बसवलेली चूल, लाकडं घालायचं तोंड खाली समोरून, मागं धुराडं, डाव्या अंगाला सिंक, वर पत्रा. सिंकच्या पाण्याला अंगणातल्या केळींपर्यंत नाली आणि नालीला लोखंडी गेट. मी म्हटलं साहेब, गेट कशाला? म्हणाले, उद्या केळींना पाण्याचं आवर्तन द्यायचं ठरलं तर?

मी केलं गेट. हौसेला मोल नसतं, आणि मला त्या दिवसांत कशालाच नाही म्हणवत नव्हतं. त्याचं कारण वेगळं होतं.

मांडे करायला साहेबांनी ठगूबाई ठरवली होती. सगळ्या देवपुरात तिच्यासारखा हात नाही. चार फूट सात इंचांची बाई, पण लग्नाच्या मांडवात शिरली की आचारी उठून उभे राहायचे. आणि ह्या ठगूबाईला एक लेक, वच्छला. ती आईबरोबर पुरणाचे गोळे करायला जायची. मी तिला एका हळदीत बघितली. परातभर कणीक तिंबत होती, घाम पुसायला हात मोकळा नाही, तर मान खांद्याला घासून पुसत होती. तेवढंच बघितलं. तिथून पुढं माझा ओळंबा काही सरळ लागेना.

आत्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. ठगूबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आखाजी होऊन जाऊ दे, मग सांगते म्हणाली. मधे मला कळलं की शिरपूरचं आणखी एक स्थळ आलंय. शाळेत शिपाई. कायम झालेला, पुढं पेन्शन. आणि मी सव्वीस वर्षांचा, चौथी शिकलेला, हातात थापी. वच्छलाच्या मनात काय होतं देव जाणे, माझ्याशी ती एक अक्षर बोललेली नव्हती. आत्यानं मला दम भरून ठेवला होता: बोलणी चालू आहेत तोवर त्यांच्या घराची पायरी चढायची नाही, ठगूबाईच्या पुढ्यात जायचं नाही, गल्लीत दिसलास तरी बोलणी मोडतील. आमच्यात तशी रीतच. उतावळा मुलगा कुणाला आवडत नाही.

आणि नेमकं तेव्हाच, कडप्पा बसवायच्या आदल्या दिवशी, साहेब म्हणाले, मांडे ठगूबाई करणार आहे, तर जाऊन तिला ही मापं सांग, काही फरक पाहिजे का विचारून ये.

मी हो म्हटलं. सायकल काढली. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, आतून ठगूबाईसारखा आवाज आला, सायकल वळवली. कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घेतला. तेवढ्यात कुणी बघू नये म्हणून बशीत तोंड घालून घेतला. परत आलो आणि साहेबांना सांगितलं, सगळं बरोबर आहे म्हणाली.

एवढंच खोटं. मी म्हटलं, ओटा तो ओटा, त्यात बाईला काय विचारायचं.

ओटा झाला. असा झाला की कॉलनीतले लोक सकाळी फिरायला निघायचे ते कुंपणावरून डोकावून जायचे. साहेब गजर लावून त्याला पाणी मारायचे. आखाजीच्या दोन दिवस आधी वच्छला डोक्यावर खापर घेऊन आली. खापर व्हरांड्यात ठेवलं, ओट्याजवळ आली, वरून हात फिरवला, एकदा ओट्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तोंडाला पदर लावून हसत निघून गेली. मी काय समजायचं ते समजलो. त्या आनंदात दोनदा चुना मारला, एकदा धुराड्याला आणि एकदा स्वतःला.

आखाजीचा दिवस उजाडला. मी नवीन सदरा घालून, डोक्याला तेल लावून हजर. कुठं चीर पडली, काही हललं तर गवंडी हवा म्हणून साहेबांनीच बोलावलं होतं, पण थापी मी घरी विसरलो होतो. पुण्याची मंडळी रात्रीच आलेली. शेडखाली खुर्च्या टाकल्या होत्या आणि साहेब हातात छडी घेऊन पाव्हण्यांना ओटा समजावून सांगत होते. उतार शंभरात एक. हे गेट. व्याही मान हलवत होते. विहीणबाई वेताच्या खुर्चीत पदरानं वारा घेत होत्या. पाठीमागं आमरसाचं पातेलं थंड पाण्यात ठेवलेलं, आणि आतून पुरणाचा असा वास की माणसाचं बोलणं मधेच तुटावं.

ठगूबाई स्वतःच्या घरची घागर पहाटेच पुजून आली होती. आली, पदर खोचला, खापर उचललं आणि चुलीच्या तोंडावर पालथं घातलं.

आणि दिसेनाशी झाली.

खरं सांगतो, दिसेनाशी झाली. छत्तीस इंच ओटा, त्याच्यावर चौदा इंच खापर. खापराची पाठ सरळ तिच्या नाकापर्यंत. ह्या बाजूनं आम्हाला फक्त तिचा अंबाडा दिसत होता.  मग खापराच्या मागून अहिराणीत आवाज आला, "हाई चूल शे का मचान?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की परवा वच्छला हसली ती कशाला हसली.

साहेबांनी सातही कागद ओट्यावर पसरले. ओटा होता, चूल होती, गेट होतं. खापराची उंची कुठंच नव्हती. त्यांनी कागद उलटा करून बघितला. तीस वर्षांत एक कालवा चुकला नाही ज्या माणसाचा, त्याच्या कपाळावर असा घाम. व्याही चांगला माणूस, तो म्हणाला जाऊ द्या हो, आपण पोळ्या लाटून खाऊ, त्यात काय. ते ऐकून काकूंचं तोंड आणखीच उतरलं. लेक एकदा आईकडं बघे, एकदा सासूकडं.

साहेब माझ्याकडं वळले. "तू तर ठगूबाईला मापं सांगून आला होतास ना?"

"मला?" खापरामागून आवाज आला. "कधी?"

आता सुटायला वाटा होत्या. शेजारणीला सांगून आलो म्हणता आलं असतं. कागदच चुकलाय म्हणता आलं असतं, तेही खोटं नव्हतं. वच्छला पुरणाची परात मांडीशी घेऊन खाली बसली होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिली. हसत नव्हती. तिच्यासमोर मला दुसरं काही सुचेना.

"गेलो नाही साहेब," मी म्हटलं. "गल्लीच्या तोंडाशी चहा प्यालो आणि परत आलो. खोटं सांगितलं. चूक माझी आहे."

"पण का?"

"बोलणी चालू आहेत म्हणून."

"कसली बोलणी?"

मी जमिनीकडं बघायचं ठरवलं.  पण माझे डोळे माझं कुठं ऐकतात, ते गेले परातीकडं. विहीणबाईंनी पदरानं वारा घेणं थांबवलं आणि वेताची खुर्ची उचलून दोन पावलं पुढं आणली. वच्छलाच्या हातातला गोळा होता तो तिनं दाबून दाबून चपटा केला.

आत्या म्हणाली होती गल्लीत दिसलास तरी मोडेल. मी तर पुण्याच्या अकरा माणसांपुढं बोललो होतो. मला वाटलं गेलं, शिरपूरवाल्याचं नशीब उघडलं.

ठगूबाई खापराला वळसा घालून पुढं आली. मला खालून वर बघितलं. बोलण्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "ते राहू दे. आता काय करतो ते सांग."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. साहेब म्हणाले खालची जमीनच उचलू. आम्ही उरलेल्या विटा आणून रचायला लागलो, दोन थर झाले आणि मग ध्यानात आलं की लाकडं घालायचं तोंड त्यात बुजतंय. विटा काढल्या. जावईबापू आतून स्टूल घेऊन आले. ठगूबाई स्टुलावर चढली, दोन्ही हात पसरले, स्टूल डुगडुगलं, चार जणांनी चार बाजूंनी धरलं. ती वरूनच म्हणाली की तिनं जन्मात उभ्यानं मांडा केलेला नाही. जमिनीवर चुलीशेजारी मांडी घालून बसायचं, तेव्हा हात चालतो. उभ्यानं कणीक कोपरावरून उतरत नाही.

"बसूनच लागतं?" मी विचारलं.

"बसूनच."

मी ओट्याकडं बघितलं. नऊ फूट लांब, दोन फूट रुंद, खाली विटांचं भरीव काम. त्याच्यावर बैल बांधला तरी हलायचा नाही.

"मग बसा," मी म्हटलं. "वर."

कुणाला कळेना. मी हात मारून दाखवलं. चुलीच्या ह्या अंगाला, कडप्प्यावर पाट टाकायचा, त्याच्यावर ठगूबाई. चूल ओट्यातच बसवलेली, म्हणजे खापर तिच्या पुढ्यात येतं, जमिनीवर बसल्यासारखंच. ओटा म्हणजे उचललेली जमीन समजा. साहेबांनी पट्टी काढून माप घेतलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता कालव्यावर कामाला घेतात.

पण ठगूबाई मागं सरली. चुलीवर पाय द्यायचा नाही. चूल म्हणजे लक्ष्मी, तिच्या अंगावर चढायचं? पाप कुणाच्या डोक्यावर?  पुण्याची नणंद हळूच म्हणाली की वर चादर टाकली तर, तर ठगूबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं.

तेव्हा काकू पुढं झाल्या. आयुष्यभर नवऱ्याचे हुकूम ऐकलेली बाई, पण त्या वेळी जज्जासारखी बोलली.

"पूजा झालीय का हिची? अजून हळदीकुंकवाचं बोट लागलेलं नाही. पूजेआधी हा नुसता दगड आहे. दगडावर चढ, बसून घे, मग मी पूजा करते."

ठगूबाईनं विचार केला. बराच केला. मग म्हणाली, हे बरोबर आहे.

आम्ही पाट ठेवला. ती स्टुलावरून दगडावर, दगडावरून पाटावर गेली, मांडी घातली, साडी नीट केली. काकूंनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चुलीला हात जोडले, तर हात जोडले ते आपोआप ठगूबाईलाही जोडल्यासारखे झाले, कारण ती वर देवीसारखी बसलेली. विहीणबाईंनी तर खरंच नमस्कार केला. ठगूबाई लाजली. तिला लाजताना देवपुरात कुणी बघितलं नसेल.

मी खाली चुलीच्या तोंडाशी बसलो. तिथून मला खापर दिसत नव्हतं, मांडा दिसत नव्हता, दिसत होता नुसता जाळ. वरून हुकूम यायचा. वाढव. मी लाकूड सारायचो. काढ, काढ, जळतंय. मी ओढायचो. माझ्या उजवीकडं वच्छला गोळा करायची, लाटायची, उभी राहून वर आईच्या हातात द्यायची, पुन्हा बसायची. दर वेळी तिचा पदर माझ्या डोक्यावरून जायचा. मे महिन्याची दुपार, तोंडासमोर लिंबाची लाकडं धडधडतायत, धुरानं डोळ्यांतून पाणी, भुवया अर्ध्या गेलेल्या, आणि मला वाटत होतं हे पुरण संपूच नये.

पहिला मांडा निघाला तो ठगूबाईनं उचलून धरला, पत्र्याच्या कडेनं आलेलं ऊन त्याच्यातून आरपार. पुण्याची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. मग काय, पंगत बसली. आमरसाच्या वाट्या भरतायत, मांड्याच्या घड्या पडतायत, व्याही सहा मांड्यांनंतर मोजायचं सोडून दुसरीकडं बघत खायला लागले. जावईबापूंना मांडा करून बघायची हौस आली, त्यांनी हातावर घेतला तर तो कोपरातून खाली त्यांच्या घड्याळासकट लोंबायला लागला. साहेब सातवा कागद मांडीवर घेऊन काहीतरी काढत बसले होते. मी वाकून बघितलं. ओट्याच्या चित्रावर पेन्सिलीनं मांडी घातलेली बाई काढली होती, बाजूला बाण, आणि बाणापाशी इंच.

पुरण संपलं. सगळे जेवले. ठगूबाईनं हात पुसले, कंबर सरळ केली आणि खाली बघितलं.

"आता उतरू कशी?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पूजा झालेली, जाळ पेटलेला, आता तो दगड राहिला नव्हता. त्याच्यावर पाय टेकायचा नाही. पाटावर उभी राहायला गेली तर पायांना मुंग्या. चूल थंड व्हायला संध्याकाळ. काकूंनाही ह्याच्यावर निकाल सुचेना. पाटावरूनच कुणीतरी उचलून खाली घ्यायची, एवढाच मार्ग.

साहेबांच्या दुखऱ्या कमरेला पट्टा. जावईबापू बाह्या सारत पुढं आले. ठगूबाईनं हात आडवा केला.

"परक्या माणसाच्या हातानं मी उतरायची नाही. पोटच्या पोरानं नाहीतर घरच्या माणसानं उचलावं. मला पोरगा नाही."

 सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी चुलीच्या तोंडापासून उठलो, राखेनं माखलेलो, पण पाऊल पुढं टाकायचा धीर होईना. मी कोण होतो तिचा? आखाजीनंतर सांगते म्हणाली होती, आणि आखाजी अजून संपायची होती.

ठगूबाई माझ्याकडं बघत होती. मग तिनं लेकीकडं बघितलं. वच्छलानं मान खाली घातली नाही.

आमच्याकडं सासू जावयासमोर उघड्या डोक्यानं राहत नाही. पोरगी दिली त्या दिवसापासून, जावई दारात दिसला की पदर डोक्यावर जातो. सकाळपासून ठगूबाईचा पदर कमरेला खोचलेला होता, माझ्या देखत. तिनं तो सोडवला, झटकला, सावकाश डोक्यावरून घेतला, कपाळापर्यंत ओढला, आणि दोन्ही हात माझ्याकडं पुढं केले.

आधी काकूंना कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग साहेबांच्या लेकीनं पुण्याच्या सासूच्या कानात सांगितलं आणि मग सगळी शेड एकदम बोलायला लागली.

मी तिला उचलली. पदराआडून मला कानात म्हणाली, पाडलंस तर शिरपूरला आजच निरोप जाईल. मी पाडली नाही. पण खाली ठेवायचंही मला सुचेना. तशीच घेऊन अंगणात फिरलो, एकदा केळींकडं, एकदा लिंबाकडं, साहेब विचारतायत कुठं चाललास, विहीणबाई हसून हसून खुर्चीत आडव्या, ठगूबाई पदर धरून बसलेली.

वच्छला हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ठेव आता खाली," ती म्हणाली. "दमशील."